कॉलेजचं पहिलं वर्ष वाया घालवणाऱ्या टिळकांनी अभ्यासातली एकाग्रता कशी कमावली?

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शुक्रवार पेठ या भागात सकाळी सातला एक चक्कर मारा. अभ्यासिकांच्या दारात चपला-बुटांचा ढीग दिसेल. आत प्लायवूडचे छोटे छोटे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात लातूरहून, बीडहून, सोलापूरहून आलेलं कुणीतरी. समोर राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक, पाण्याची बाटली आणि पालथा ठेवलेला मोबाईल.

पालथा अशासाठी, की स्क्रीन दिसली की हात जातो. आणि हात एकदा गेला की पाच मिनिटं म्हणता म्हणता चहाची वेळ होते. रात्री हिशेब केला तर खुर्चीत बारा तास बसलेलो असतो आणि अभ्यास झालेला असतो जेमतेम तीन तास.

मग एकाग्रता कशी वाढवायची याचे व्हिडिओ शोधले जातात. त्यात आणखी एक तास जातो.

याच नारायण पेठेत केसरीवाडा आहे. पूर्वीचा गायकवाड वाडा. लोकमान्य टिळक इथे राहायचे आणि केसरीचा कारभार इथूनच चालायचा. टिळक म्हटलं की आपल्याला गणेशोत्सव, अग्रलेख आणि राजद्रोहाचे खटले आठवतात. पण हा माणूस आयुष्यभर विद्यार्थीही होता. गणित, कायदा, संस्कृत, वेद, ज्योतिष, जर्मन, फ्रेंच, पाली असं बरंच काही तो शिकला, आणि यातलं पुष्कळसं शिकला ते तुरुंगात.

सोशल मीडियावर टिळकांच्या स्मरणशक्तीच्या चमत्कारिक गोष्टी फिरत असतात. त्या वाचल्या की वाटतं, हे दैवी देणं होतं, आपलं काम नाही. त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर मात्र वेगळंच दिसतं. त्यांची एकाग्रता हळूहळू, टप्प्याटप्प्याने घडलेली होती. मध्ये एक अख्खं वर्ष बुडालंही होतं.

सुरुवातीपासून बघू.

एका श्लोकाला एक पाई

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला. मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखली. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृतचे जाणकार, गणिताचीही आवड. त्रिकोणमितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलेलं होतं.

म्हणजे घरातच शिकवणी होती. बाळने संस्कृत श्लोक पाठ केला की वडील त्याला एक पाई द्यायचे. त्या काळी एका आण्याच्या बारा पाया व्हायच्या, म्हणजे रुपयाच्या १९२. बक्षीस अगदीच किरकोळ होतं, पण ते लगेच हातात पडायचं आणि किती श्लोक झाले हे मोजता यायचं. मुंज होईपर्यंत मुलाचं बरंच संस्कृत पाठ झालं होतं.

आणखी एक गोष्ट सांगितली जाते. लहानग्या बाळला बाणभट्टाची कादंबरी वाचायला हवी होती. वडिलांनी एक अवघड गणित घातलं आणि ते सोडवलंस तर पुस्तक देतो अशी अट ठेवली. पोरगं त्या गणिताला चिकटून बसलं आणि सोडवूनच उठलं.

यात एक बारकावा आहे. मुलाला तासन्‌तास बसवून ठेवण्यावर वडिलांचा भर नव्हता. समोर एक ठरलेलं काम असायचं आणि ते झालं की सुट्टी. आपल्याकडे आजही उलटं असतं. किती वेळ बसलास हे विचारलं जातं, काय संपवलंस हे फारसं कुणी विचारत नाही.

मॅट्रिक चार महिन्यांवर आणि घरात मृत्यू

१८६६ मध्ये वडिलांची बदली पुण्याला झाली आणि कुटुंब इकडे आलं. बाळ दहा वर्षांचा होता. पुण्यात येऊन थोडेच दिवस झाले आणि आई पार्वतीबाई गेल्या. १८७१ मध्ये, त्या काळच्या रीतीप्रमाणे, शाळकरी वयातच लग्न झालं. पत्नीचं सासरचं नाव सत्यभामा.

१८७२ मध्ये वडील आजारी पडले. या शेवटच्या आजारात सोळा वर्षांचा मुलगा त्यांना गीतेवरची एक मराठी टीका वाचून दाखवायचा. वाचता वाचता त्याला एक प्रश्न पडला.

युद्ध करणार नाही म्हणून अर्जुन बसला होता. गीता ऐकून तो उठला आणि लढला. मग गीतेचे टीकाकार तिच्यातून संन्यास किंवा नुसती भक्तीच का काढतात? लढायला निघालेल्या माणसाला सांगितलेली गोष्ट शेवटी कर्म सोडायला कशी सांगेल?

हा प्रश्न त्या वयात सुटणारा नव्हता. तो मनात तसाच राहिला. पुढे तो कुठे जाऊन सुटतो ते आपण पाहूच.

ऑगस्ट १८७२ च्या अखेरीस वडील गेले. मॅट्रिकची परीक्षा चार महिन्यांवर होती. आई नाही, वडील नाहीत, काकांचा आधार आणि डोक्यावर परीक्षा. त्याच वर्षअखेर टिळक मॅट्रिक पास झाले.

कॉलेजचं पहिलं वर्ष तालमीत

१८७३ च्या सुरुवातीला टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले. पुण्याबाहेर, नदीपलीकडे येरवड्याच्या बाजूला दगडी इमारत आणि तिथेच राहायची सोय. टिळकांची तिथली खोली आजही स्मृती म्हणून जपलेली आहे.

आता हुशार मुलगा कॉलेजात गेला की काय करेल? पहिल्या दिवसापासून पुस्तकात डोकं घालेल. टिळकांनी नेमकं उलटं केलं.

त्यांची तब्येत लहानपणापासून किरकोळ होती. हे शरीर फार काळ साथ देणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी ठरवलं की हे वर्ष शरीरासाठी. सकाळ-संध्याकाळ व्यायाम, कुस्ती, पोहणं, नाव वल्हवणं आणि त्यावर भरपूर खाणं-पिणं. तासांना दांडी बसायची. व्हायचं तेच झालं, त्या वर्षाची परीक्षा हातची गेली.

वसतिगृहात त्यांची दोन टोपणनावं पडली होती. तोंडावर स्पष्ट बोलायचे म्हणून मिस्टर ब्लंट, आणि खोड्या करायचे म्हणून डेव्हिल. किरकोळ दुखण्यासाठी औषधाच्या बाटल्या जवळ बाळगणाऱ्या मुलांच्या त्या बाटल्या ते फेकून द्यायचे आणि मुलांना व्यायामाला ओढायचे, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. तब्येत कमावण्याचं हे वेड ते मित्रांवरही लादत होते.

एक वर्ष बुडालं म्हणजे तेव्हाही लहान गोष्ट नव्हती. वडील नसलेल्या मुलाने वर्ष घालवलं म्हणून नातेवाईक काय म्हणाले असतील याची कल्पना आपण करू शकतो. पण पुढच्या आयुष्यात तीन तुरुंगवास, मधुमेह आणि ब्रह्मदेशची हवा सोसून हा माणूस टेबलाशी बसून काम करू शकला. त्या शरीराचा पाया इथे घातला गेला होता.

आज अभ्यासिकेत बसणारी मुलं पहिला काट मारतात ती झोपेवर, दुसरा व्यायामावर आणि तिसरा जेवणावर. दुपारी तीनला डोळे मिटायला लागले की दोष एकाग्रतेला दिला जातो. खरं तर थकलेल्या शरीरात मन लावून बसायची ताकदच उरलेली नसते.

नोट्स उतरवून न घेणारा विद्यार्थी

दुसऱ्या वर्षापासून टिळक अभ्यासाला लागले. गणित शिकवायला केरो लक्ष्मण छत्रे होते. पुण्यात त्यांना केरूनाना म्हणत. खगोल आणि गणितातला हा मोठा माणूस, आणि टिळक त्यांचे आवडते विद्यार्थी.

टिळकांची अभ्यासाची तऱ्हा वेगळी होती. वर्गात प्राध्यापक सांगतील ते भराभर उतरवून घ्यायचं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचं, हे त्यांना पटत नसे. एखादा विषय हाती आला की त्यावर मिळतील ती मूळ पुस्तकं काढायची, ती वाचायची आणि मग स्वतःच्या शब्दांत स्वतःचं टिपण करायचं. शाळेतही बरीच गणितं ते मनातल्या मनात सोडवत. वहीत उतरवायचा कंटाळा.

याने वेळ जास्त लागतो. पण वाचलेलं स्वतःच्या भाषेत मांडायचं असेल तर मनाला भटकायला जागा मिळत नाही. डोळे ओळींवरून फिरतायत आणि डोक्यात काल रात्रीची क्रिकेट मॅच चालू आहे, असं वाचताना होऊ शकतं. लिहिताना ते जमत नाही, पेन थांबतं.

गणित घेऊन टिळक बी. ए. पहिल्या वर्गात पास झाले. एम. ए. चा प्रयत्न केला, पण ती पदवी काही हाती लागली नाही. १८७९ मध्ये ते एलएल. बी. झाले. म्हणजे बुडालेलं वर्ष आणि हुकलेली पदवी, दोन्ही त्यांच्या खात्यात आहेत. निकालाच्या यादीवरून माणूस जोखायचा असता तर टिळकांच्या नावापुढे तेव्हा फार मोठी भविष्यवाणी कुणी केली नसती.

कामाच्या रगाड्यात अभ्यास

पुढची वर्षं धावपळीची आहेत. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या बरोबर न्यू इंग्लिश स्कूल. १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकरांसह मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. १८९० मध्ये त्यांनी सोसायटी सोडली.

या सगळ्यात निवांत अभ्यासाला वेळ कुठून मिळणार? तरी १८९३ मध्ये त्यांचा ओरायन हा ग्रंथ आला. वेदांचा काळ ताऱ्यांच्या स्थितीवरून ठरवण्याचा तो प्रयत्न होता.

तो सुचला कसा, हे ऐकण्यासारखं आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण स्वतःला महिन्यांमधला मार्गशीर्ष म्हणवतो. हजारो लोकांनी ती ओळ वाचली आणि पुढे गेले. टिळक तिथे अडले. बारा महिन्यांतून मार्गशीर्षच का? वर्षाची सुरुवात कधी काळी तिथून होत असेल का? या एका शंकेच्या मागे लागून ते मृगनक्षत्रापर्यंत आणि वेदांपर्यंत पोचले.

त्यांचे निष्कर्ष आजचे अभ्यासक सहसा मान्य करत नाहीत. वाचण्याची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. प्रश्न घेऊन पुस्तक उघडलं की लक्ष आपोआप लागतं, कारण आपण काहीतरी शोधत असतो. प्रश्नाशिवाय उघडलं की आपण फक्त पानं मोजतो.

१८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्या येरवड्याच्या बाजूला कॉलेज केलं, त्याच येरवड्याच्या तुरुंगात आता कैदी म्हणून राहणं आलं. मॅक्स म्युल्लर यांनी आपल्या ऋग्वेदाची प्रत त्यांच्यासाठी पाठवली. त्या काळातल्या वाचनातून पुढे १९०३ मध्ये आर्यांच्या मूलस्थानावरचा त्यांचा दुसरा इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला.

मंडाले : संपादकाला वर्तमानपत्र बंद

२२ जुलै १९०८. मुंबई हायकोर्टात रात्री उशिरा निकाल लागला. सहा वर्षं काळं पाणी. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षं पूर्ण होत होती.

सप्टेंबरमध्ये त्यांना ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात नेलं. पुढे शिक्षा साध्या कैदेची झाली, पण घर हजारो मैल दूर. राहायची खोली लाकडी फळ्यांची. उन्हाळ्यात फळ्या तापायच्या, थंडीत फटींतून वारा यायचा, वर धूळ. त्यात मधुमेह, म्हणून पथ्याचं जेवण. सातारा भागातला कुलकर्णी नावाचा एक कैदी त्यांच्यासाठी स्वयंपाकाला दिलेला होता. बोलायला माणूस म्हणजे जवळजवळ तोच.

सत्तावीस वर्षं वर्तमानपत्राशी बांधलेल्या माणसाला आता वर्तमानपत्र वाचायला मिळणार नव्हतं. राजकारणाची चालू पुस्तकंही बंद. घरच्या पत्रांवर तुरुंगाची नजर, त्यात देशातल्या घडामोडी लिहायच्या नाहीत.

आपल्याला वाटेल, बरंच झालं, लक्ष विचलित करणारं काहीच नाही! पण एकांत आपोआप एकाग्रता देत नाही. मोकळ्या डोक्यात काळजी आधी शिरते. पुण्यात केसरीचं काय चाललं असेल, मुलांचं काय, खटल्याच्या अपिलाचं काय, आपण जिवंत परतू की नाही. सहा वर्षं या विचारांत माणूस पार खचून जाऊ शकतो.

टिळकांनी यावर उपाय केला तो दिनक्रमाचा. पहाटे उठणं, ध्यान-संध्या, आंघोळ, जेवण, वाचन, लेखन, सगळं नेमलेल्या वेळी. आणि त्या दिनक्रमात मन घालायला त्यांच्याकडे एक जुनी गोष्ट होती. वडिलांच्या अंथरुणाशेजारी पडलेला तो प्रश्न.

दोन वर्षं वाचन, पाच महिने लेखन

त्यांनी पुण्याहून पुस्तकं मागवायला सुरुवात केली. भाचे धोंडोपंत विद्वांस घर सांभाळत होते आणि पत्रातल्या यादीप्रमाणे पुस्तकं पाठवत होते. उपनिषदं, महाभारत, शंकराचार्य आणि रामानुजांची भाष्यं आणि बरोबर कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन. पाश्चात्त्य नीतिशास्त्र गीतेसमोर ठेवून तपासायचं होतं. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर जर्मन आणि फ्रेंच शिकायला घेतलं. पालीही शिकले. शिकवायला कुणी नव्हतं, पुस्तकावरूनच.

मध्येच हुकूम आला की एका वेळी चारच पुस्तकं जवळ ठेवायची. शंभर ग्रंथ ताडून बघायचे आणि हाताशी चार! टिळकांनी ब्रह्मदेश सरकारकडे तक्रार केली, तेव्हा कुठे पुस्तकं परत मिळाली. सुटकेच्या वेळी त्यांच्याजवळ साडेतीनशे ते चारशे पुस्तकं जमली होती.

लिहायच्या अटी तर आणखी कडक होत्या. सुटे कागद मिळणार नाहीत, फक्त बांधीव वह्या. त्यांची पानं मोजलेली आणि प्रत्येकावर आकडा घातलेला, म्हणजे एखादं पान फाडून बाहेर जाऊ नये. शाई नाही, फक्त पेन्सिल.

म्हणजे पान फाडून नव्याने सुरू करायची सोयच नव्हती. आधी डोक्यात नीट मांडायचं आणि मग कागदावर उतरवायचं.

मंडालेत त्यांनी लिहायच्या ग्रंथांची एक यादीही केली होती. हिंदू धर्माचा इतिहास, शिवाजी महाराजांचं चरित्र, हिंदू कायदा, अगदी कलनशास्त्र म्हणजे कॅल्क्युलसची मूलतत्त्वंसुद्धा. प्रत्येक विषय त्यांच्या आवडीचा, आणि हातात सहा वर्षं. सगळ्याच विषयांना थोडा थोडा हात लावला असता तर काय झालं असतं? दहा अर्धवट वह्या.

त्यांनी त्यातला एकच विषय पूर्ण ग्रंथ म्हणून तडीस नेला.

आधी जवळजवळ दोन वर्षं वाचन आणि विचार. मग १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहायला बसले आणि साधारण पाच महिन्यांत गीतारहस्याचा पहिला खर्डा पेन्सिलीने लिहून काढला. पंधरा प्रकरणं, त्याशिवाय गीतेचं भाषांतर आणि टिपा. नंतर तुरुंगातच दुरुस्त्या चालू राहिल्या.

जूनमधली तार

जून १९१२. मंडालेत तार आली. पुण्यात सत्यभामाबाई गेल्या होत्या. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटच्या भेटीची संधी नाही.

टिळकांच्या एकाग्रतेबद्दल बोलताना हा भाग सहसा गाळला जातो, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. मंडालेत पेन्सिल चालत होती तेव्हा पुण्यात कुणीतरी घर चालवत होतं, मुलं सांभाळत होतं, पुस्तकांची पार्सलं बांधत होतं. मंडालेतच एक कैदी रोज पथ्याचं जेवण रांधत होता. एकाचं मन लागावं म्हणून दुसरं कुणीतरी त्याची कामं उचलत असतं.

आजही कप्प्यात बसलेल्या मुलाच्या मेसचे आणि खोलीच्या भाड्याचे पैसे गावाकडून कुणीतरी पाठवतं. ते आठवलं की दडपण येतं हे खरं आहे. पण कुणाला घरचं काम, नोकरी, लहान भावंडं सांभाळून अभ्यास करावा लागत असेल आणि मन लागत नसेल, तर त्याने स्वतःला आळशी म्हणायचं कारण नाही. त्याच्यासाठी त्याची कामं करणारं कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वह्या सरकारने ठेवून घेतल्या

जून १९१४ मध्ये टिळकांना गुपचूप ब्रह्मदेशातून हलवलं आणि एका मध्यरात्री पुण्यात गायकवाड वाड्याशी आणून सोडलं. वय ५८ ला आलेलं.

माणूस परत आला, पण गीतारहस्याच्या वह्या आल्या नाहीत. त्या तपासणीसाठी सरकारने ठेवून घेतल्या होत्या. दिवस जाऊ लागले. घरचे आणि मित्र काळजीत पडले. सरकार वह्या परत करेल याचा काय भरवसा? पेन्सिलीने लिहिलेली ती एकच प्रत होती.

सगळ्यात शांत होते ते स्वतः टिळक. वह्या सरकारच्या ताब्यात असल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, सिंहगडावरच्या बंगल्यात जाऊन बसेन आणि पुन्हा लिहून काढेन, असं त्यांनी जवळच्यांना सांगितलं.

ही बढाई वाटू शकते. पण त्यामागे काय होतं ते पाहा. सोळाव्या वर्षी पडलेला प्रश्न, त्यावर चाळीस वर्षं अधूनमधून चाललेलं मनन, दोन वर्षांचं सलग वाचन, आणि पान फाडता येत नाही म्हणून आधी डोक्यात पक्की केलेली मांडणी. इतक्या वेळा मनात फिरवलेली गोष्ट वही गेली म्हणून जात नाही.

अखेर वह्या परत मिळाल्या. १९१५ मध्ये गीतारहस्य पुण्यातून छापून बाहेर पडलं. वडिलांच्या आजारपणात पडलेल्या प्रश्नाचं उत्तर ४३ वर्षांनी लोकांच्या हातात आलं. ते उत्तर सगळ्यांना पटलं असं नाही, वाद झाले, अजूनही होतात. पण प्रश्न शेवटपर्यंत नेला होता.

पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत सरदारगृहात टिळक गेले.

मग आपण यातून काय घ्यायचं?

मंडालेला जायची गरज नाही. फोन नदीत फेकायचीही गरज नाही. टिळकांच्या आयुष्यातून अभ्यास करणाऱ्याला चार-पाच गोष्टी सरळ उचलता येतात.

पहिली, तास मोजू नका, काम मोजा. गंगाधरपंतांची पाई श्लोकाला होती, बसण्याच्या वेळेला नव्हती. आज दहा तास बसणार असं म्हणण्यापेक्षा मूलभूत हक्कांचं प्रकरण आणि त्यावरचे तीस प्रश्न संपवणार असं ठरवा. झालं की खरोखर उठा.

दुसरी, पुस्तक उघडण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहा. पंचायत राज वाचायचं असेल तर ७३ वी घटनादुरुस्ती करावी का लागली, असं काहीतरी. मार्गशीर्षच का, या शंकेसारखा एक खुंटा असला की मन त्याभोवती फिरतं.

तिसरी, टेबलावर कमी ठेवा. एका विषयाची पाच पुस्तकं, आठ टेलिग्राम चॅनल आणि बारा पीडीएफ यांत मन उड्या मारत राहतं. आपला मेंदू दोन अवघड कामं एकदम करत नाही, एकावरून दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक उडीला वेळ खातो. फोन पालथा ठेवला तरी तो डोळ्यांसमोर असतोच, तो दुसऱ्या खोलीत किंवा बॅगेत तळाशी जाऊ द्या.

चौथी, रात्री पुस्तक बंद करून दिवसभरात वाचलेलं कोऱ्या कागदावर आठवून लिहा. वह्या जप्त झाल्यात असं समजून! पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून बघणं जास्त टिकतं, हे अभ्यासाच्या पद्धतींवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनीही वारंवार दाखवलंय. सुरुवातीला चारच ओळी येतील. येऊ द्या.

पाचवी, शरीर. रोज अर्धा-पाऊण तास चालणं, पुरेशी झोप आणि वेळेवर जेवण यातून अभ्यासाचा वेळ जात नाही, उरलेल्या वेळात बसायची ताकद येते. टिळकांसारखं वर्ष घालवू नका, त्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली होती.

आणि एखादी परीक्षा हुकली असेल, तर डेक्कन कॉलेजातला तो पहिल्या वर्षात बुडालेला आणि पुढे एम. ए. न झालेला मुलगा आठवा. त्याचं मन पुस्तकात लागायला वेळ लागला, मध्ये खंड पडले, आणि तरी तो पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नाकडे आला.

पेठेत राहत असाल तर एखाद्या दुपारी, डोळे मिटायला लागले की, चहाऐवजी केसरीवाड्यापर्यंत चालत जा. आत टिळकांचं संग्रहालय आहे. बघून या, आणि परत आल्यावर सकाळी कागदावर लिहिलेला प्रश्न पुन्हा पुढ्यात घ्या.